रुपरावनं दाखवलेलं गवत

बोरगोंदीचा रुपराव नेवारे आयुष्यात फारसा खोटं बोलला नाही. पण जे एक बोलला ते थेट सरकारशी बोलला, आणि तेही नेमकं अशा दिवशी, जेव्हा सरकार त्याचं भलं करायला आलं होतं. याला नशीब म्हणा नाहीतर अक्कल म्हणा. त्याची बायको भागीरथा अक्कलच म्हणते.

रुपराव गावचा ढोरकी. भिवापूरकडच्या खेड्यांत आता गावाची ढोरं राखणारे ढोरकी उरलेत तरी किती! लोकांनी गायी विकल्या, ट्रॅक्टर घेतले, दूध पिशवीचं पितात. बोरगोंदीत मात्र अजून सकाळी घराघरातून गायी सुटतात, गावाबाहेरच्या आखरावर गोळा होतात आणि रुपरावच्या पुढं पुढं रानात जातात. जातीचा गोवारी माणूस. बापानं ढोरं राखली, आज्यानं राखली. एकदा आखर सोडलं की दिवस बुडेपर्यंत प्रत्येक गाय रुपरावची आणि तिच्या पोटाचा जिम्माही त्याचाच. संध्याकाळी गाय घरी आली की धनी तिला बांधायच्या आधी डाव्या कुशीवर हात ठेवून बघतो. कूस भरलेली असली तर ठीक, नाहीतर दुसऱ्या दिवशी रुपरावला चार गोष्टी ऐकाव्या लागतात.

रान म्हणजे गावाच्या वरच्या अंगाचं झुडपी जंगल. महसूलवाले म्हणत ते आमचं, जंगलखातं म्हणे आमचं, आणि गायी दोघांनाही विचारत नव्हत्या. गावातून वर चढलेली वाट एका बेहड्याच्या झाडाशी फुटते. डावीकडं उतरलात की खोरं लागतं. तिथं पवन्या गवत, कमरेएवढं, आणि वाळलं तरी गोड. उजवीकडं चढलात की बरडी, मुरमाचं उघडं टेकाड. तिच्यावर सगळं कुसळी गवत. आता कुसळीही काही वाईट नाही बरं, पण पावसाळ्यापुरती. श्रावणात कोवळी असते तेव्हा गाय आवडीनं खाते. दसरा झाला की तिला कुसळं येतात. ती धोतरात शिरतात, चपलेत शिरतात, गायीच्या ओठात रुततात. मग उपाशी गाय वाळलेला पाला चघळेल, पण कुसळीला तोंड लावणार नाही.

यंदा जंगलखात्यानं ठरवलं, की या रानातल्या अर्ध्या भागात झाडं लावायची. तो भाग चर खोदून बंद करायचा, काही वर्षं तिथं ढोराचं खूर पडू द्यायचं नाही. उरलेला अर्धा भाग चराईला मोकळा. ही खबर गावात आली तेव्हा रुपरावला एक जुनी गोष्ट आठवली. त्याच्या लहानपणी त्याच्या बापानं एका मोजणीच्या साहेबाला मोठ्या प्रेमानं तलावाकाठची हिरवी पट्टी दाखवली होती. "हे पाहा जी, हे आमचं सोनं," म्हणाला होता बिचारा. पुढच्या वर्षी त्या पट्टीभोवती तारेचं कंपाउंड! तेव्हापासून नेवाऱ्यांच्या घरात एक नेम होता. मांजराले दूध दाखवू नये, अन् सरकारले गवत दाखवू नये.

मग रुपरावनं काय केलं? मोजणीला माणसं येणार असं कळलं त्याच दिवसापासून त्यानं ढोरं उजवीकडं वळवायला सुरुवात केली. कळपात पुढं चालायची ती गावातल्या आनंदरावांची पांढरी गाय, बगळी. बगळी जिकडं तिकडं कळप. बेहड्याशी आली की ती सवयीनं डावीकडं मान करायची. रुपराव शिंगाला हात घालून तिला उजवीकडं घ्यायचा. ती पुन्हा डावीकडं, हा पुन्हा उजवीकडं. असं रोज. शेवटी बगळी शहाणी झाली आणि आपली आपणच उजवीकडं वळायला लागली. रुपरावनं तिच्या गळ्याखाली खाजवलं आणि म्हणाला, "शाब्बास गं माय!"

जंगलखात्याकडून आली ती प्रीती. नवीनच लागलेली वनरक्षक, नागपुरात बेसाकडं घर, खाकी टोपीखाली वेणी कोंबलेली. स्कूटी खाली लावून धापा टाकत बरडीवर चढली. ढोरं कोवळ्या कुसळीत मजेत चरत होती.

"जय भीम, काका. तुम्हीच का रुपरावजी?"

"रामराम मॅडम. होय जी, मीच."

"एक सांगा मले. ढोरांसाठी चांगलं गवत कोणत्या बाजूले आहे?"

घ्या! बापाला विचारला होता तोच सवाल. रुपराव मनात हसला.

"हेच तं आहे, मॅडम. ही बरडी. असं गवत तालुक्यात नाई भेटणार."

"अन् खाली खोऱ्यात?"

"तिथं काय आहे? काडीकचरा. ढोरं ढुंकून पाहत नाई."

प्रीतीनं मान डोलावली, मोबाइलवर फोटो काढले आणि उतरून गेली. त्या रात्री रुपराव चार घास जास्तच जेवला. खातं आता बरडी बंद करेल, आपलं खोरं वाचलं, बाप वरून बघत असेल तर मिशीवर ताव देत असेल, असं त्याला वाटलं.

पोळा झाला, आणि आनंदरावांच्या ओसरीवर गाव गोळा करून प्रीतीनं नकाशा उलगडला. आनंदराव म्हणजे गावातले मोठे शेतकरी, कळपातल्या निम्म्या गायी त्यांच्याच.

"वरून पहिले म्हणून राहिले होते का बरडीच मोकळी ठेवा, तिथं तसंबी झाडं जगणार नाई," प्रीती म्हणाली. "मी म्हटलं, नाई साहेब, ज्याची ढोरं चरतात त्याले विचारू, चांगलं गवत त्यालेच देऊ. म्हणून मी रुपरावकाकाले विचारलं. निघालं काय, तं काकाचंबी बरडीच चांगली म्हणणं आहे! मग तं सवालच मिटला. बरडी तुमची, खोरं बंद."

लोकांनी रुपरावकडं कौतुकानं पाहिलं. आनंदराव मात्र कपाळाला आठी घालून म्हणाले, "बरडी? काहून गा रुपराव, खोरं नाई मांगितलं?"

खोटं बोललो म्हणावं तर रुपरावला ते आत्ता, चारचौघांत कबूल करावं लागणार होतं. त्याच्या तोंडून निघालं, "बरडीवर बी गवत बरं आहे, भाऊ."

आता आनंदरावांची ढोरं चरतात, पण स्वतः ते रानात जाऊन किती वर्षं झाली होती! ढोरकी म्हणतो तर असेल, असं समजून ते गप्प बसले.

घरी भागीरथा मात्र गप्प बसणारी नव्हती. "अवो, कुसळीची बरडी चांगली आहे असं त्या पोरीले कोणं सांगतलं?"

"कोणं नाई."

"कोणं नाई म्हंजे तुम्हीच सांगतलं."

रुपरावनं तोंड भिंतीकडं केलं.

दसरा सरला. खोऱ्याच्या कडेनं जेसीबीनं चर खोदायला सुरुवात केली. आणि बरडीवर कुसळी पिकली. ढोरं सकाळी जायची, बेहड्याशी बगळी मुकाट्यानं उजवीकडं वळायची, वर जाऊन सगळी उभी राहायची. झुडपांच्या बुंध्याशी, दगडांच्या आडोशाला जे काही पोटाला मिळेल ते खायची आणि रिकामी परतायची. खाली खोऱ्यात पवन्या पिवळाजर्द झाला होता. वाऱ्यानं हलला की बरडीवरूनही दिसे. रुपराव तिकडं पाठ करून बसायला लागला.

गावात कुरकुर सुरू झाली. बगळीचं दूध आटलं. आनंदराव एका संध्याकाळी तिच्या कुशीवरचा हात न काढता म्हणाले, "रुपराव, तुझ्यावर माझा राग नाई गा. पण अशी रिकामी कूस घेऊन गाय घरी येत असन, तं तिले रानात धाडून फायदा काय? दिवाळीनंतर मी घरीच बांधतो. कुटार-भुसा टाकीन. नाई जमलं तं विकून टाकू."

आनंदरावांनी गायी बांधल्या की बाकीचे बांधणार. बाकीच्यांनी बांधल्या की आखर मोकळं, आणि मोकळ्या आखरावर उभा राहून रुपराव काय माशा मारणार? त्याला नीट कळत होतं की खोरं परत मिळालं नाही तर दिवाळीनंतर बोरगोंदीत कळप राहणार नाही. आणि कळप मोडला तो सरकारनं नाही, आपण मोडला. हे शेवटचं त्याच्या घशाखाली उतरत नव्हतं.

"जा, सांगा त्या पोरीले खरं," भागीरथा म्हणाली.

"सांगून काय होईन? खोरं तं बंदच राहीन, वरून माझी इज्जत जाईन."

"तुमची इज्जत काय गायी खातेत का?"

रुपरावनं काठी उचलली आणि निघाला.

प्रीती चराच्या काठावर उभी होती. रुपरावनं डोक्याचा दुपट्टा काढून हातात घेतला आणि सगळं सांगून टाकलं. बापाची गोष्ट, तलावाकाठची पट्टी, बगळीला वळवल्याची गोष्ट, सगळं. प्रीती ऐकत राहिली. तिचा चेहरा आधी गोंधळलेला होता, मग लाल झाला.

"काका, मी तुमच्यासाठी साहेबासंग वाद घातला. नवीन पोरगी, शिकवायले निघाली, असं लोक म्हणाले मले. अन् तुम्ही मलेच खोटं सांगतलं?"

"तुम्हाले नाई सांगतलं, मॅडम. तुमच्या खाकी कपड्याले सांगतलं."

जेसीबीवाल्याला हात करून तिनं थांबवलं. मग म्हणाली, "काम सुरू झालं, पण नकाशा अजून नागपूरच्या ऑफिसात आहे, शेवटच्या सहीले. सही झाली का माझ्या हातात काईच नाई राहत. उद्या माझ्यासंग चला. जे मले सांगतलं ते तिथं सांगा. मी तुमच्या वतीनं नाई बोलणार, सांगून ठेवते."

दुसऱ्या दिवशी रुपराव धुतलेलं धोतर नेसून एसटीनं नागपूरला गेला. ऑफिसात पंखे गरगर फिरत होते. साहेब शांत माणूस होता, डोक्याचे केस पांढरे झालेले. त्यानं चहा मागवला, रुपरावला खुर्चीत बसवलं आणि पूर्ण ऐकून घेतलं. ओरडला असता तर बरं, असं रुपरावला वाटलं.

"रुपरावजी," साहेब म्हणाला, "तुम्ही आधी एक सांगितलंत, आता दुसरं सांगताय. मी यातलं कुठलं खरं मानू? उद्या तुम्ही तिसरंही सांगाल."

अगदी बरोबर होतं. आणि उत्तर नसलं की माणूस करतो तेच त्यानं केलं, छातीठोक बोलला.

"माझ्यावर भरोसा नका ठेवू, साहेब. ढोरं तं खोटं नाई बोलत? तुम्ही या. मी मांगं राहतो, तोंडातून शब्द नाई काढत. वाट फुटते तिथं ढोरं जिकडे जातीन तिकडची चराई तुम्ही मोकळी ठेवा."

साहेब हसला. "हे बरं आहे. येतो."

परतताना एसटीत रुपराव खुशीत होता. प्रीतीला त्यानं शेंगदाणे दिले. तिनं घेतले, पण राग पुरता गेला नव्हता. "काका, ढोरं खोऱ्याकडेच जातीन न?" तिनं विचारलं. "अवो मॅडम, उपाशी ढोर पवन्या सोडून कुठं जाईन?" रुपराव म्हणाला. सगळ्या प्रवासात त्याला एकदाही आठवलं नाही, की गेले कित्येक दिवस बेहड्याच्या झाडाशी त्या गायी कोणत्या बाजूला वळत होत्या. माणूस दुसऱ्याला शिकवलेलं किती चटकन विसरतो!

ठरल्या सकाळी अर्धा गाव वर आला. साहेबाची जीप खाली उभी राहिली. खोऱ्याच्या तोंडाशी चर अजून खोदायचा होता, त्यामुळे दोन्ही वाटा मोकळ्या होत्या. आनंदराव, भागीरथा, प्रीती, सगळे बाजूला उभे राहिले. रुपराव कळपाच्या मागं, काठी काखेत, ओठ घट्ट मिटून.

बगळी बेहड्याशी आली आणि थांबली.

वारा खोऱ्यातून येत होता. पवन्याचा वास माणसालाही कळावा इतका होता. बगळीनं नाकपुड्या फुलवल्या, मान डावीकडं केली. "जाय माय, जाय," रुपराव मनातल्या मनात म्हणाला. बगळीनं मागं वळून त्याच्याकडं पाहिलं. आणि तेव्हा त्याला आठवलं. पण बोलायचं नाही असा शब्द दिला होता. त्यानं मान खाली घातली.

बगळी उजवीकडं वळली. तिच्यामागं सगळा कळप बरडी चढायला लागला.

गावातले दोघं-तिघं हसले. आनंदरावांनी कपाळावर हात मारला. साहेबानं हातातली फाइल मिटली. "झालं, रुपरावजी. तुमच्या गायींनी तुमचं पहिलं म्हणणंच खरं केलं. आता माझ्याकडं करण्यासारखं काही नाही."

रुपरावच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पुसायचंही त्याला सुचलं नाही. आता सांगून तरी कोण ऐकणार? एकदा फिरलेला माणूस पुन्हा फिरला, एवढंच लोक म्हणतील. तो साहेबाकडं न बघता गायींच्या मागं बरडी चढायला लागला. ढोरं तिकडं गेली की ढोरक्यानं तिकडं जायचं, दुसरं काय!

"साहेब, थोडं थांबता का?" प्रीती म्हणाली. "इतक्या दूर आलेच आहा, तं वर चालून पाहू न, काय खाऊन राहिल्या त्या."

साहेब काहीशा नाइलाजानं चढला. त्याच्यामागं गाव चढला.

वर कळप उभा होता. नुसता उभा. एकाही गायीची मान खाली नव्हती. कुसळी गुडघ्याएवढी उंच माजली होती आणि तिच्यात त्या गायी, खपाटीला गेलेल्या कुशी घेऊन, वाट बघत असल्यासारख्या उभ्या होत्या. बगळीच्या ओठांना जुनी कुसळं रुतून बारीक फोड आले होते. रुपराव तिच्याजवळ खाली बसून एकेक कुसळ काढत होता.

साहेब जवळ आला. बराच वेळ तो गायींकडं बघत राहिला.

"या खात का नाहीत?" त्यानं विचारलं.

रुपराव उठला नाही. बगळीचं तोंड हातात धरून म्हणाला, "इकडे वळायचं मी शिकवलं हिले, साहेब. शिंग धरधरून शिकवलं. तिकडे चांगलं आहे हे तिले माहीत आहे. तरी मी म्हटलं म्हणून आली. मी म्हटलं म्हणून इथंवर आली साहेब, पण खाय म्हणून मी तिले कोणत्या तोंडानं सांगू?"

कोणी हसलं नाही. भागीरथेनं पदर तोंडाला लावला. साहेबानं आपल्या पँटला चिकटलेलं एक कुसळ काढलं, बोटांत फिरवलं. टोक लागलं तसा त्यानं अंगठा झटकला.

"घेऊन जा यांना," तो म्हणाला.

"घरी का जी?"

"खोऱ्यात."

जन्मभर कळपाच्या मागून चाललेला रुपराव पहिल्यांदा कळपाच्या पुढं चालला. बेहड्याशी बगळी पुन्हा अडली, कारण आता ही वाट आपली नाही असं तिला पक्कं माहीत होतं. त्यानं तिला ओढलं नाही. आपण डाव्या वाटेनं चार पावलं उतरला, वळला आणि नुसता हात पुढं केला. ती आली. मग बाकीच्या एकमेकींना ढकलत आल्या, आणि खोऱ्यात शिरताच सगळ्यांच्या माना एकदम खाली गेल्या. गवत तोडल्याचा करकर आवाज तेवढा येत होता.

साहेब गावासोबत मागून खोऱ्यात उतरून ते बघत उभा होता. प्रीतीला म्हणाला, "नकाशा उलटा करून नवीन पाठवा. चर बरडीला घ्या. तिथं झाडं जगली नाहीत तर बघू काय करायचं ते." मग रुपरावकडं वळला. "आणखी काही लपवलं असेल तर आत्ताच सांगून टाका."

साहेब गमतीनं बोलला होता. जीपकडं निघालाही होता. रुपरावनं 'नाई जी' म्हटलं असतं तर विषय तिथंच संपत होता.

पण रुपराव थांबला. त्यानं भागीरथेकडं पाहिलं.

"एक आहे साहेब," तो म्हणाला. "खोऱ्याच्या खालच्या कोपऱ्यात, करवंदीच्या जाळीमांगं पाण्याचा एक झिरा आहे. मे महिन्यातबी आटत नाई. गावातल्याबी सगळ्याइले माहीत नाई. माझ्या बापानं मले दाखवला होता. चला, तुम्हाले दाखवतो."

आणि तो पुढं झाला. हे सांगायला नको होतं असं एक मन म्हणत होतं. मागून साहेबाचे बूट आणि प्रीतीची पावलं येत होती. जाळीशी पोचल्यावर रुपरावनं काठीनं काटे बाजूला सारले आणि दोघांना वाट करून दिली.